डाळिंबाचे तोरण : नवशिक्यांच्या भरतकामाची आखणी

भरतकाम अर्धवट टाकले जाते ते बहुतेक वेळा टाके अवघड असतात म्हणून नव्हे, तर पहिलाच नमुना चुकीचा निवडलेला असतो म्हणून. धावदोरा, उलटी टीप, दांडी टाका आणि साखळी टाका हे चार टाके सुई धरता येणाऱ्या कोणालाही एका दुपारी दाखवता येतात. तरीही पहिला अभ्रा किंवा रुमाल कपाटाच्या तळाशी पडून राहतो. त्यावर छापून आणलेला भरगच्च गुलाब, पिसारा फुलवलेला मोर किंवा ‘सुस्वागतम्’ची अक्षरे शिकणाऱ्या हाताला अजून पेलणारी नसतात. पाच-सहा दिवसांनी पाकळी फुगलेली दिसते, कापडाला चुण्या पडतात आणि ‘आपल्याला हे जमणारे नाही’ असा निष्कर्ष निघतो. हा निष्कर्ष जवळपास नेहमीच खोटा असतो. दोष आकृतीचा असतो आणि तो शिकणाऱ्याच्या माथी मारला जातो.

म्हणून नवशिक्यांसाठी शोभेची वस्तू आखणे हे तज्ज्ञांसाठी नमुना काढण्याहून वेगळे काम आहे. त्यात कापड, दोऱ्याची जाडी, रेषांची वळणे, रंगांची संख्या आणि कामाचा क्रम यांतल्या अडचणी आखणाऱ्याने आधीच सोडवून ठेवायच्या असतात. शिकणाऱ्यासाठी उरावे ते फक्त टाका एकसारखा घालण्याचे काम. या आखणीचे उदाहरण म्हणून येथे नाशिक जिल्ह्याच्या बागलाण तालुक्यातील सटाणा आणि भोवतालचा डाळिंबाचा मुलूख समोर ठेवला आहे. वस्तू आहे दारावर लावायचे पाच चौकोनांचे तोरण.

महाराष्ट्रातील घरांत सुईकाम कधी परके नव्हते. जुनी लुगडी आणि धोतरे यांचे थर एकमेकांवर ठेवून गोधडी शिवली जाते, ती संपूर्ण धावदोऱ्यावर उभी असते. गोधडी शिवणाऱ्या बाईला विचारले, तर ‘भरतकाम येत नाही’ असे उत्तर येते. प्रत्यक्षात अनेक थरांतून, मैलोगणती वाटावी इतक्या लांबीचा, एकाच अंतराचा दोरा ओढत नेणे हा भरतकामाचा पायाच आहे. बंगालची कांथा आणि जपानची साशिको या आज जगभर नावाजलेल्या कला याच एका टाक्याच्या आहेत. बागलाणातल्या ज्या घरात गोधडी शिवली जाते, तिथे भरतकामाचे पहिले पाऊल आधीच पडलेले आहे. शिकवणाऱ्याने सुरुवात तिथूनच करावी.

गोधडीखेरीज बाळाची कुंची आणि टोपरे, पानसुपारीची चंची, नाडीचा बटवा यांवरही सुई चालत आली आहे. लग्नातले रुखवत तर हाताने केलेल्या वस्तूंचे प्रदर्शनच असते. चकल्या-लाडवांच्या ताटांशेजारी भरलेले अभ्रे, चौकटीत बसवलेला गणपती आणि मण्यांचे तोरण मांडले जाते. मात्र रुखवताने भरतकामाचे एक नुकसानही केले आहे. वस्तू पाहुण्यांसमोर मांडायची असल्यामुळे ती पहिल्याच प्रयत्नात डोळे दिपवणारी हवी, अशी अपेक्षा तयार झाली आणि साध्या नमुन्याला कमी लेखले गेले.

बंजारा तांड्यांतले काम याच्या अगदी वेगळे आहे. चौकोन, त्रिकोण, आरसे, कवड्या आणि ठळक दोरा यांच्या जोरावर तिथे चार-दोन टाक्यांतून मोठा परिणाम साधला जातो. दक्षिणेला, सीमाभागात, इरकली लुगड्यावर होणारी धारवाडकडची कसुती कापडाचे धागे मोजून भरतात. आकृती छापावीच लागत नाही आणि दोन्ही बाजूंनी काम सारखे दिसावे अशी शिस्त असते. या दोन परंपरा नवशिक्याला दोन गोष्टी देतात: बंजाऱ्यांकडून ठळकपणा, कसुतीकडून कापडाच्या विणीचा आधार.

शाळांतून आणि वर्गांतून शिकवले गेलेले भरतकाम मात्र दुसऱ्या वाटेने आले. रमाबाई रानडे यांच्या पुढाकाराने 1909 साली पुण्यात सुरू झालेल्या सेवासदनासारख्या संस्थांनी शिवणकाम आणि हस्तकला यांना स्त्रियांच्या स्वावलंबनाशी जोडले. त्या काळात जगभर युरोपातले नमुने प्रमाण मानले जात होते. 1746 पासून चालत आलेल्या फ्रान्समधील म्यूलूझच्या डी.एम.सी. या दोरा कंपनीशी निगडित असलेल्या तेरेझ द दिलमाँ यांचा सुईकामाचा कोश 1886 साली निघाला आणि त्याची अनेक भाषांतरे झाली. अशा पुस्तकांनी टाके नीट समजावले, हे त्यांचे मोठे ऋण आहे. पण त्यांतली पॅन्सी आणि लिली सटाण्याच्या मुलीने कधी हातात घेतलेली नसतात. जे फूल पाहिलेले नाही, त्याची रेषा बरोबर आली की चुकली हे ठरवायचे कसे? ती छापील रेषेच्या हवाली होते. डाळिंबाचे तसे नाही. त्याचा मुकुट कुठे बसतो, देठ कुठे असतो आणि पान केवढे असते हे तिला पाठ असते. आकृतीत काही चुकले, तर ते तिच्याच लक्षात येते आणि तीच सुधारते. ओळखीचा आकार हा सोपेपणाचा मोठा भाग आहे आणि नमुने काढणारे तोच बहुधा विसरतात.

आज तालुक्याच्या गावांत आरीवर्कच्या ब्लाउजची मागणी मोठी आहे. आकड्यासारख्या टोकाची सुई, ताणून बांधलेले कापड आणि मणी-जरीची भर यांचे हे काम रोजगार देणारे आहे आणि शिकण्यासारखेही आहे. पण त्याने सुरुवात करणे म्हणजे ताण, पकड, दोरा आणि मणी या चार गोष्टी एकदम सांभाळणे. साध्या सुईवर महिनाभर हात बसलेली व्यक्ती आरीकडे वळली, तर साखळी टाक्याची घडण तिला आधीच माहीत असते. आरीचा मूळ टाका साखळीच आहे.

आता आकृतीकडे. कोणताही नमुना नवशिक्याला देण्याआधी तीन गोष्टी तपासाव्यात: त्यात रेषेचे काम किती आणि भरावाचे किती, वळणे किती तीव्र आहेत, आणि एखादा टाका इकडेतिकडे झाला तर चित्र बिघडते का. पहिली गोष्ट सर्वांत महत्त्वाची आहे. 6 सेंटीमीटर व्यासाच्या वर्तुळाचा परीघ सुमारे 19 सेंटीमीटर भरतो. 3 मिलिमीटरचा एक टाका धरला, तर सुमारे 63 टाक्यांत त्याची कड पूर्ण होते. एका निवांत संध्याकाळचे हे काम आहे. तेच वर्तुळ साटीन टाक्याने भरायचे ठरवले, तर मध्यभागी 6 सेंटीमीटर लांब टाके पडतील. एक सेंटीमीटरपेक्षा लांब टाका सैल पडतो आणि बांगडीत अडकतो. त्यामुळे वर्तुळाचे पट्टे पाडून लांब-आखूड टाक्यांनी भराव करावा लागतो, आणि त्यात शेजारच्या टाक्यांच्या कडा मिसळणे हे अनुभवी हाताचे कसब आहे. पहिल्या वस्तूत भराव मुळीच नसावा, हे मत येथे ठामपणे मांडले आहे. भराव हवासा वाटला, तर आतल्या जागेत लहान सुटे टाके पेरावेत. रिकामी जागाही आकृतीचाच भाग असते.

वळणाचे गणित सोपे आहे. सरळ रेषेवर 4 मिलिमीटरचा टाका शोभतो. वळणावर तो 2 ते 3 मिलिमीटरचा करावा लागतो, नाहीतर वर्तुळाचा बहुकोन होतो. म्हणजे तीव्र वळणे जितकी जास्त, तितके टाके बारीक आणि हातावर ताबा अधिक लागतो. मोराची मान, आंब्याच्या कोयरीचे वळलेले टोक आणि वेलीचे आकडे यांत नवशिके अडखळतात ते यामुळेच. टोकदार कोनाचीही हीच अडचण आहे. शेवटचा टाका नेमका टोकावर संपला नाही, तर टोक बोथट दिसते.

तिसरी कसोटी चूक खपवून घेण्याची. साध्या कापडावर भरलेला चौकोन किंवा तारा किंचितही वाकडा झाला तर डोळ्यांत भरतो. चेहरा तर त्याहून कठोर असतो, गणपतीच्या डोळ्याचा एक टाका तिरका गेला की मूर्तीचा भाव बदलतो. फळ आणि पान यांचे असे नसते. झाडावरची कोणतीही दोन डाळिंबे सारखी नसतात. फळाच्या अंगावर बोथट धारा असतात, ते कुठे फुगीर तर कुठे चपटे असते. शिकणाऱ्याची रेषा दोन मिलिमीटर हलली, तरी ते डाळिंबच राहते.

नाशिकच्या पश्चिमेकडील आदिवासी भागाशी नाते असलेली वारली चित्रे या दृष्टीने मोहात पाडतात. दोन त्रिकोणांचे धड आणि काडीसारखे हातपाय हे सुईला जमण्यासारखे वाटते. एकटीदुकटी, चार-पाच सेंटीमीटर उंचीची आकृती खरोखरच सोपी आहे. परंतु तारपा नाचाचे वर्तुळ बारीक माणसांनी भरलेले असते आणि प्रत्येक हाताला तीन-चार टाक्यांचीच जागा मिळते. म्हणून ती दुसऱ्या किंवा तिसऱ्या वस्तूसाठी ठेवावी.

कापड निवडताना किमतीपेक्षा वीण पाहावी. रेशीम आणि साटीन निसटतात. पॉपलीनची वीण इतकी दाट असते की सुईला धागे दिसतच नाहीत. मांजरपाट हे नवशिक्यासाठी उत्तम कापड आहे. ते जाडसर आणि स्वस्त असते, त्याचे उभे-आडवे धागे डोळ्यांना दिसतात आणि त्याच्या मळखाऊ पांढऱ्या रंगावर कोणताही दोरा उठून दिसतो. यंत्रमागांचे मालेगाव शेजारीच असल्याने या भागात साध्या सुती कापडाची वाण नाही. मांजरपाटाला खळ असते आणि ते पहिल्या धुण्यात आटते, म्हणून रात्रभर पाण्यात भिजवून, वाळवून, इस्त्री करूनच वापरावे. हे टाळले, तर तयार काम धुतल्यावर टाक्यांभोवती कापड आकसते आणि चुण्या कायमच्या राहतात. धागे मोजून करायच्या कामासाठी मॅटी किंवा दसुती घ्यावी. तिच्यावर विणीची भोके चौकटीच्या वहीसारखी आखलेली मिळतात.

भरतकामाच्या दोऱ्याची लडी साधारण 8 मीटरची असते आणि तिच्यात सहा पदर असतात. नवशिक्याने तीन पदर वापरावेत. दोन पदरांची रेषा बारीक पडते आणि प्रत्येक खोट उघडी करते. सहा पदर सुईच्या नेढ्यातून ओवतानाच दमवतात. दोरा एक हात, म्हणजे सुमारे 45 सेंटीमीटर, तोडावा. त्याहून लांब दोरा गुंततो, आणि कापडातून वारंवार गेल्याने शेवटी विटतो. पदर वेगळे करताना एकेक पदर वर ओढून काढावा आणि मग तीन पदर पुन्हा एकत्र जुळवावेत. तिन्ही एकदम ओढले की हमखास गाठ बसते. दोरा किती लागेल याचा अंदाजही आधी बांधता येतो. धावदोऱ्याला रेषेच्या लांबीइतका किंवा थोडा जास्त दोरा पुरतो. उलटी टीप, दांडी टाका आणि साखळी टाका यांना पुढची आणि मागची बाजू मिळून रेषेच्या सुमारे तिप्पट लागतो. लहान तोरणाला तीन रंगांच्या तीन लड्या पुरून उरतात.

रंगांची निवड डाळिंबच करून देते. पुण्याच्या गणेशखिंडीत 1936 साली निवडलेला ‘गणेश’ वाण पिवळसर-गुलाबी सालीचा. राहुरीच्या महात्मा फुले कृषी विद्यापीठाने पुढे आणलेला आणि आज बागांवर राज्य करणारा ‘भगवा’ नावाप्रमाणे केशरी-लाल. तेल्या रोगाने आणि पाण्याच्या ओढीने बागायतदारांना अनेकदा जेरीस आणले, तरी हे फळ बागलाणची ओळख आहे, आणि इथल्या घराच्या दारावर ते शोभावे हे ओघानेच येते. तोरणासाठी केशरी-लाल, पानाचा हिरवा आणि मुकुट-देठासाठी पिवळट तपकिरी एवढे तीनच रंग घ्यावेत. चौथा रंग आला की प्रत्येक पायरीवर ‘इथे कोणता?’ हा प्रश्न येतो आणि लक्ष टाक्यावरून उडते. लाल दोऱ्याची परीक्षा मात्र आधी घ्यावी. त्याचा तुकडा ओला करून पांढऱ्या कापडाच्या घडीत ठेवून वरून गरम इस्त्री दाबावी. डाग उमटला, तर ती लडी बाजूला ठेवावी. पूर्ण झालेल्या कामावर रंग उतरला की त्याला इलाज नाही.

तोरण पाच सुट्या चौकोनांचे ठेवण्यामागे कारण आहे. एकच लांब पट्टी भरायला घेतली, तर एका जागची चूक सगळी पट्टी बिघडवते. सुट्या चौकोनांत एक फसला, तर एकच टाकून द्यावा लागतो. शिवाय प्रत्येक चौकोन स्वतंत्र धडा होतो आणि पूर्ण झाल्याचे समाधान पाच वेळा मिळते. पहिल्या वस्तूत हे समाधान फार गरजेचे असते. दार 90 सेंटीमीटर रुंद धरले, तर 12 सेंटीमीटरचे पाच चौकोन आणि त्यांमधील 6 सेंटीमीटरच्या चार फटी मिळून 84 सेंटीमीटर होतात, आणि दोन्ही टोकांना बांधायला जागा राहते.

चौकोन आधी कापून घेऊ नयेत. 15 सेंटीमीटरच्या लाकडी रिंगमध्ये लहान तुकडा बसत नाही. मांजरपाटाची एक वार लांब आणि 22 सेंटीमीटर रुंद पट्टी घेऊन तिच्यावर 15-15 सेंटीमीटरचे सहा भाग पाडावेत. पाच भाग कामाचे, सहावा हात बसवण्यासाठी. आकृती भागाच्या मधोमध असल्याने रिंग लावताना शेजारचे काम तिच्याखाली दाबले जात नाही. रोजचे काम संपले की रिंग काढून ठेवावी, नाहीतर तिचा गोल वळ कापडावर उठतो आणि धुळीने काळा पडतो.

आकृती उतरवण्यासाठी छापखान्याची गरज नाही. दुकानात आजही टोचलेल्या कागदावरून रॉकेल आणि निळीचा बोळा फिरवून नक्षी छापून देतात, आणि गुंतागुंतीच्या कामाला ती पद्धत योग्यच आहे. डाळिंबाला बांगडी पुरते. ‘दोन-सहा’ मापाच्या बांगडीचा आतला व्यास सुमारे 6 सेंटीमीटर असतो. ती कापडावर ठेवून आतून हलक्या पेन्सिलीने गोल काढावा. वरच्या बाजूला तीन दातांचा मुकुट काढावा. खऱ्या फळाला पाच ते सात दात असतात, पण समोरून तीन दाखवले की पुरते. खाली आखूड देठ आणि दोन अरुंद पाने काढावीत. फळ झाडाला उलटे लटकते, मुकुट जमिनीकडे असतो, हे बागेत वावरणाऱ्या कोणालाही आठवेल. त्यामुळे तोरणात मुकुट खाली आणि देठ वर ठेवला, तरी ते अधिक खरेच दिसते. कार्बन पेपर टाळावा, त्याचा डाग फिक्या कापडावरून सहज जात नाही.

कामाची सुरुवात डाळिंबाने नव्हे, चौकटीने करावी. प्रत्येक चौकोनाच्या आत 10 सेंटीमीटरची चौकट आखून तिच्या तीन बाजूंवर धावदोरा घालावा, वरची बाजू शेवटासाठी सोडावी. 4 मिलिमीटरचा टाका आणि तेवढीच फट धरली, तर पाच चौकटींत मिळून 190च्या आसपास टाके होतात. सरळ रेषेत, कापडाच्या धाग्याला धरून चालणाऱ्या या दीड मीटरच्या कामात हाताला अंतराचा अंदाज येतो आणि दोरा किती ओढायचा हे बोटांना कळते. दोरा जास्त ओढला की कापड गोळा होते, कमी ओढला की टाका लोंबतो. हे सांगून समजत नाही, शंभरेक टाके घातल्यावरच समजते. म्हणून हे शंभर टाके आकृतीच्या आधी घडावेत.

त्यानंतर पहिले कच्चे फळ: हिरव्या दोऱ्याने उलट्या टिपेत कड. सुई पुढे काढायची आणि मागच्या टाक्याच्या टोकाशी नेऊन खाली घालायची, एवढेच. दुसरे पिकलेले फळ, केशरी-लाल दांडी टाक्यात. उजव्या हाताने काम करणाऱ्याने डावीकडून उजवीकडे जावे आणि दोरा कायम रेषेच्या एकाच बाजूला ठेवावा. मध्येच बाजू बदलली की दोरीसारखा पीळ तुटतो. डावखुऱ्यांना दिशा उलटी घ्यावी लागते, आणि पुस्तकातली आकृती त्यांनी आरशात धरून पाहिली तर ती लगेच उलगडते. डावखुऱ्या मुलींना उजव्या हाताची सक्ती करण्याची जुनी रीत इथे पूर्णपणे सोडून द्यावी.

तिसऱ्या चौकोनात कळी, साखळी टाक्यात. डाळिंबाची कळी घट्ट, सुरईसारखी असते आणि साखळीची जाड रेषा तिला शोभते. चौथ्यात फूल. साखळीचा एकच दुवा सुटा घालून त्याच्या टोकाला बारीक टाक्याने अडकवला की लेझी डेझीची पाकळी होते. साखळी नुकतीच शिकून झालेली असल्याने इथे नवे असे फार थोडे राहते. पाच-सहा पाकळ्या मुकुटातून बाहेर डोकावताना दाखवाव्यात. त्या एकसारख्या नसल्या तरी बिघडत नाही. खऱ्या पाकळ्याही चुरगळल्यासारख्याच असतात.

पाचवा चौकोन फोडलेल्या फळाचा, आणि आखणीतला सर्वांत समृद्ध भाग हाच आहे. बाहेरची कड दांडी टाक्यात, आत सालीच्या पडद्यांसाठी दोन-तीन रेषा धावदोऱ्याच्या, आणि त्यांमधल्या कप्प्यांत दाणे गाठी टाक्याचे. सुई कापडातून वर काढून दोरा तिच्याभोवती एकदाच गुंडाळावा. दोनदा गुंडाळण्याचा मोह नंतरसाठी ठेवावा. दोरा डाव्या हाताने ताणून धरावा आणि सुई आधीच्या भोकापासून एक-दोन धागे सोडून खाली घालावी. पुन्हा त्याच भोकात घातली की गाठ मागे ओढली जाते आणि दाणा नाहीसा होतो. या टाक्यात होणाऱ्या चुकांपैकी बहुतेक चुका याच कारणाने होतात. वीस-पंचवीस दाण्यांत कप्पे भरल्यासारखे दिसतात. पहिले पाच दाणे सहाव्या भागावर करून पाहावेत. काही केल्या गाठ जमत नसेल, तर एकमेकांना चिकटून दोन आखूड सरळ टाके घालावेत. लांबून पाहणाऱ्याला फरक कळत नाही, आणि अशी पळवाट ठेवणे हा आखणीचाच भाग आहे.

मागच्या बाजूविषयी एक आग्रह सैल करणे गरजेचे आहे. उलटी बाजू सुलटीइतकीच नेटकी हवी, हा नियम कसुतीत योग्य आहे, कारण पदर दोन्हीकडून दिसतो. रुमालालाही तो लागू होतो. दाराच्या तोरणाची मागची बाजू चौकटीला टेकलेली असते. पहिल्या कामात तिथे गाठी दिसल्या, तर त्यावरून शिकणाऱ्याला बोलून दाखवू नये. एवढेच पाहावे की एका आकृतीतून दुसरीकडे जाताना दोरा लांबवर ओढलेला नाही, कारण गडद दोरा फिक्या कापडातून समोर सावलीसारखा दिसतो.

फळाऐवजी दुसरे काही हवे असेल, तर ठिपक्यांची रांगोळी हा तितकाच चांगला पर्याय आहे. मॅटीवर ठिपके काढावेच लागत नाहीत. चार-चार घरे सोडून बारीक फुल्या घातल्या की ठिपक्यांची मांडणी तयार होते. पाच ते पाच ठिपक्यांची, फक्त सरळ रेषांनी जोडली जाणारी रांगोळी उलट्या टिपेत तीन-चार बैठकांत पुरी होते. अंगणात रांगोळी काढणारा हात इथे मोजणीत चुकत नाही.

अक्षरांचे काय? घराचे नाव किंवा ‘शुभ लाभ’ भरावे असे बहुतेकांना वाटते. देवनागरीची शिरोरेखा लांब आणि सरळ असल्याने तिची जराशी लहर दिसते. हाताने लिहिताना ती शेवटी काढली जाते. भरताना मात्र ती आधी घालावी, आणि तीही कापडाच्या एका आडव्या धाग्याला धरून. मग अक्षरे तिला टांगल्यासारखी सरळ उतरतात. ‘न’, ‘म’, ‘ग’, ‘र’ यांसारखी काना असलेली किंवा मोकळी अक्षरे आधी घ्यावीत, ‘भ’, ‘क्ष’, ‘स्व’ नंतर. अक्षराची उंची तीन सेंटीमीटरहून कमी ठेवू नये, नाहीतर मात्रा आणि वेलांट्या गर्दी करतात.

भरून झाल्यावर चौकोन कापताना कात्रीला रेषेची गरज नसते. कापायच्या जागचा एक धागा ओढून काढला की कापडात सरळ वाट दिसते, तिच्यावरून कापावे. खाली आणि दोन्ही बाजूंना चौकटीबाहेर एक सेंटीमीटर कापड ठेवून त्याचे धागे सोडवावेत. त्यांच्या दशा होतात आणि कड दुमडण्याची, कोपरे वळवण्याची नवशिक्याला न झेपणारी मेहनत वाचते. धावदोरा उसवण्याला अटकाव करतो. तोरण वारंवार धुतले जाणार असेल, तर त्याच्या जागी उलटी टीप घालावी. वरच्या बाजूला साडेतीन सेंटीमीटर कापड राखून, त्याच्या बाजूच्या कडा आत घेऊन ते मागे दुमडावे. आता राहिलेली चौथी बाजू दोन्ही थरांतून धावदोऱ्याने शिवली की चौकट पूर्ण होते आणि नेफाही तयार होतो.

नेफ्यांतून सव्वा मीटर सुती दोरी ओवावी. चौकोनांचा क्रम केला त्या क्रमाने लावू नये. नजर प्रथम मधोमध जाते, म्हणून सर्वांत शेवटी केलेले, हात बसल्यावरचे फोडलेले फळ मध्ये असावे. डावीकडे टोकाला कळी आणि आत फूल, उजवीकडे टोकाला कच्चे फळ आणि आत पिकलेले. दोन्ही बाजूंनी फुलण्या-पिकण्याची चाल दाण्यांपर्यंत येते आणि सर्वांत नवखे काम टोकाला राहते. चौकोन घसरून एकत्र येऊ नयेत म्हणून प्रत्येकाच्या दोन्ही बाजूंना दोरीला गाठ किंवा मणी द्यावा.

सटाण्याच्या उन्हाळ्यात पश्चिमेकडच्या दारावर लाल दोरा लवकर विटतो. तोरण शक्यतो आतल्या चौकटीला लावावे आणि सण झाला की उतरवावे. धुताना थंड पाणी आणि रिठ्याचा फेस पुरतो. ते न पिळता सावलीत सपाट पसरून वाळवावे. इस्त्री उलट्या बाजूने, खाली जाड टॉवेल ठेवून फिरवावी, म्हणजे दाण्यांच्या गाठी चपट्या होत नाहीत. ठेवताना घडी घालू नये, सुती कापडात गुंडाळी करून ठेवावे.